आल्याची वाइन घरी करावी का?

प्रश्न : आमच्या शेतात आले आणि मुळा होतो. आल्यात गूळ घालून घरच्यापुरती वाइन करावी म्हणतो. भट्टी लावणार नाही, म्हणजे कायद्याची अडचण नाही ना? की पांगरमलसारखी विषबाधा होईल?
– एक वाचक, राहाता

उत्तर : विषबाधेची तुमची भीती समजण्यासारखी आहे, पण तिची जागा चुकली आहे. आल्या-मुळ्यात साखर जेमतेम. मद्यार्क होतो तो गुळातून, यीस्टमुळे. कंद देतो तो तिखटपणा आणि वास. अशा आंबवणीत मिथेनॉल हा विषारी मद्यार्क झालाच तर अत्यल्प. फेब्रुवारी २०१७ मध्ये पांगरमलला माणसे दगावली ती बनावट, विषारी दारूने. कुणाकडची दारू पिऊन नजर धूसर झाली, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

कायद्याबाबतचा भरवसा मात्र सोडा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हाच गुन्हा; भट्टी लावली की नुसते आंबवले, याने फरक पडत नाही. ‘विकत नाही, घरीच पितो’ हा बचावही टिकत नाही. धंदाच करायचा असेल, तर आधी राज्य उत्पादन शुल्क विभागात परवान्याची चौकशी करा. चवीचीच हौस असेल, तर मुळ्या-बिटाची कांजी करून पाहा : उकळून गार केलेल्या पाण्यात काप, मीठ, मोहरीची पूड आणि थोडे आले. दोन-तीन दिवस उन्हात ठेवून आंबूस वास आला, की फ्रिजमध्ये ठेवा. झाकण घट्ट लावू नका, वायू कोंडून काच फुटते. बुरशी दिसली तर सगळे टाकून द्या.