रूट कॅनालमध्ये भरतात तरी काय?

प्रश्न : रूट कॅनालनंतरच्या एक्स-रेत दाढेच्या मुळांत पांढऱ्या रेघा दिसतात. सुई आत राहिली असेल का?

उत्तर : बहुधा नाही, तो गटापर्चा असावा. मलेशिया-इंडोनेशियाकडच्या झाडाचा हा चीक. त्याच्या बारीक, गुलाबी काड्यांत खरा चीक साधारण पाचवा हिस्साच. बाकी बहुतेक झिंक ऑक्साइड, शिवाय एक्स-रेत उठून दिसावं म्हणून बेरियम सल्फेट. काडी आणि मुळाची भिंत यांतली फट सीलर बुजवतो. लवंगतेलातल्या युजेनॉलचा सीलर जुना, रेझिनचाही सर्रास वापरतात. बायोसिरॅमिक महाग; त्याचा हट्ट नको. नळी नीट साफ होणं जास्त महत्त्वाचं. वरचं तात्पुरतं सिमेंट मात्र काही आठवड्यांपुरतंच. दुखत नाही म्हणून कायमचं फिलिंग आणि कॅप लांबवू नका.