सुई, दोरा आणि सुरती कापड

सुरतेच्या रिंग रोडवरील बाजारातून गेलेली साडी अंगावर येण्यापूर्वी तिला निदान एकदा तरी शिवणयंत्राखालून जावे लागते. कोठे किनारीस लेस जोडली जाते, कोठे फॉल लागतो, कोठे पिको होते. हे काम बहुधा नगावर मजुरी ठरवून बाहेर दिले जाते. लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून येऊन राहिलेल्या कित्येक कुटुंबांतील स्त्रिया ते घरी करतात. शिवणीपाशी कापड चुणले, टाके सुटले अथवा छिद्रांची रांग उमटली, तर ठपका कापडावर नाही तर शिवणारणीच्या हातावर येतो, आणि तिची मजुरी कापली जाते. वस्तुतः पुष्कळ वेळा दोष असतो तो सुईचा, किंवा सुई व दोरा यांच्या विजोडपणाचा. तो ओळखता यावा एवढ्यासाठी ही माहिती व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहे.

सुईच्या पुडीवर ९०/१४ असे दोन आकडे असतात. पहिला आकडा दांड्याची जाडी मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो. ९० म्हणजे ०.९० मिलिमीटर. दुसरा जुन्या पद्धतीचा, व आपले शिंपी तोच बोलतात. शिफॉन व जॉर्जेट यांस ९ किंवा ११, मलमल व सॅटिन यांस ११, पॉपलिनास १४, ड्रिलास १६, कॅन्व्हसास १८, असा साधारण क्रम होय. विणलेल्या कापडास अणकुचीदार टोक लागते. होजियरीस मात्र गोलसर टोकाची सुई हवी, कारण तिने फासा तुटत नाही, बाजूला सरतो. परंतु व्यवहारात यंत्राला एकदा १४ नंबरची सुई बसवली की उशीच्या अभ्र्यापासून जॉर्जेटपर्यंत सारे तिच्यावरच उरकले जाते. सुती कापडावरचे छिद्र धुतल्यावर बरेचसे मिटते. सॅटिनवरचे मिटत नाही.

टाका कसा पडतो हे पाहिले म्हणजे दोऱ्याचे महत्त्व ध्यानात येईल. सुई खाली जाऊन किंचित वर उचलली जाते, तेव्हा तिच्या मागे दोऱ्याचा फासा फुगतो. खालचा हुक तो पकडून बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवितो. खाली जाताना दोरा सुईच्या लांब खाचेत लपलेला असावा लागतो. तो जाड असला तर खाचेबाहेर राहून कापडाला घासतो आणि पिंजतो. परीक्षा सोपी आहे: सुटी सुई दोऱ्यात ओवावी, दोरा ताणून तिरपा धरावा, सुई आपल्या वजनाने खाली घसरली तर जोड जमली, अडकली तर सुई एक नंबर मोठी घ्यावी किंवा दोरा बारीक करावा.

दोऱ्याची जातही पाहावी लागते. पॉलिएस्टर साडीला सुती दोऱ्याने लेस लावली, तर धुतल्यावर दोरा आटतो, कापड आटत नाही, आणि सरळ शिवण चुणते. उलट, जुन्या मऊ रेशमावर पॉलिएस्टर दोरा घालणे धोक्याचे. ताण पडला की दोरा तुटण्याऐवजी कापडच कापले जाते. तेथे रेशमी किंवा बारीक सुती दोरा बरा. शिवून मग रंगवावयाच्या सुती मालातही पॉलिएस्टर दोरा नको. सुताचा रंग त्यावर चढत नाही आणि टाके पांढरे राहतात.

कारखान्यातील वेगवान यंत्रावर आणखी एक अडचण येते. घर्षणाने सुई तापते. सूत जळेल पण वितळणार नाही; पॉलिएस्टर मात्र सुमारे २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते, आणि त्याचा चिकटा सुईच्या नाकात बसून दोरा वारंवार तुटतो. कारागीर ताण ढिला करीत बसतो. खरा उपाय म्हणजे वेग कमी करणे व बारीक सुई लावणे.

जरीची गोष्ट निराळी, आणि सुरतेस ती विशेष महत्त्वाची. खऱ्या जरीत रेशमी धाग्याभोवती चांदीची चपटी तार, म्हणजे बादला, गुंडाळून वर सोन्याचा मुलामा देतात. नकलीत तार तांब्याची असते. बोथट सुई या तारेला टोचत नाही, ओढते. वेढे उसवतात व आतला धागा उघडा पडतो. म्हणून जरीच्या काठावर सुई नवी व बारीक असावी आणि टाका थोडा लांब ठेवावा, म्हणजे छिद्रे कमी पडतात. जरीनेच भरतकाम करावयाचे असल्यास मोठ्या नाकाची सुई घ्यावी, कारण लहान नाकात वेष्टन सोलले जाते. याहून बरा मार्ग म्हणजे जर बॉबिनवर भरून कापड उलट बाजूने शिवणे. मग जरीला सुईच्या नाकातून जावेच लागत नाही.

सुई सुमारे आठ तासांच्या शिवणीनंतर बदलावी असे सामान्यतः सांगतात. नगावर मजुरी घेणारी बाई स्वतःच्या पैशाने रोज नवी सुई आणणार नाही, हे उघड आहे. तेव्हा मालाच्या गठ्ठ्याबरोबर योग्य नंबरच्या सुयांची पुडी व जुळणारी रिळे व्यापाऱ्यानेच धाडावीत, आणि त्यांचा खर्च मजुरीतून वळता करू नये. जुनी सुई चालेल की नाही याची शंका आल्यास तिचे टोक जॉर्जेटच्या चिंधीवरून हलकेच ओढावे. एकही धागा अडकला तर ती टाकून द्यावी.