‘रॉजर’ म्हणजे ‘हो’ नव्हे : वैमानिक व्हायला परदेशी निघालेल्यांसाठी



इंदूरमध्ये वाढलेल्या बहुतेक मुलांनी कधी ना कधी बिजासनच्या टेकडीवरून विमानं उतरताना पाहिलेली असतात. त्यातलाच एक, आपल्या मंडळाचा जुना सभासद, काही वर्षांपूर्वी व्यावसायिक वैमानिकाचं शिक्षण घ्यायला अमेरिकेत फ्लोरिडाला गेला. जाण्याआधी तो माझ्याकडे आला, तो इंग्रजीच्या धास्तीने. घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि इंग्रजी फक्त वर्गात. ‘‘सर, रेडिओवर बोलता येईल ना मला?’’ मी म्हटलं, येईल. उत्तर चुकीचं नव्हतं, पण अर्धवट होतं. तिकडून त्याचे फोन येऊ लागले तेव्हा कळलं, की त्याला नडत होतं ते इंग्रजी नव्हे. यंदा मंडळातल्या दोघातिघांनी हीच वाट विचारली, म्हणून हा लेख.

आधी कागद आणि पैसा, कारण घरचे तेच विचारतात.

भारतात विमान कंपनीत नोकरी करायची तर परवाना भारताचाच लागतो, म्हणजे डीजीसीएचा. परदेशात मिळालेला परवाना इथे आणून बदलून घ्यावा लागतो. म्हणून जाण्याआधी डीजीसीएचं मोजमाप पाठ असलं पाहिजे : वय किमान १८, एकूण २०० तास उड्डाण, त्यात १०० तास ‘पायलट इन कमांड’ म्हणून, म्हणजे विमानाची सगळी जबाबदारी आपल्यावर असताना. शिवाय ३०० नॉटिकल मैलांचा एक लांबचा प्रवास, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबा घेऊन; आणि रात्रीचं उड्डाण. हे २०० तास अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतले लागतात. पैसे संपले म्हणून मध्येच घरी बसलेल्या मुलांचे तास असेच शिळे होतात. बारावीला फिजिक्स आणि गणित हवं ही अट बदलण्याची चर्चा आहे, तेव्हा अर्ज करताना ताजा नियम बघा. कला-वाणिज्यवाल्यांनी आजवर मुक्त विद्यालयातून हे दोन विषय देऊन वाट काढलेली आहे.

आता अमेरिकेचं मोजमाप वेगळं आहे आणि घोटाळा इथेच होतो. तिथल्या एफएएच्या नियमांत दोन मार्ग आहेत. एकात व्यावसायिक परवान्याला २५० तास लागतात. दुसऱ्यात, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या शाळेत, १९० तासांतही परवाना मिळतो. जाहिरातीत १९०चा आकडा स्वस्त दिसतो. पण तुम्हाला भारतात २०० दाखवायचे आहेत! दुसरी गोष्ट याहून बारीक. अमेरिकेत पहिला खासगी परवाना हातात आला, की शेजारी शिक्षक बसून शिकवत असला तरी सुकाणू तुमच्या हातात असल्यास तो तास ‘पायलट इन कमांड’ म्हणून लिहिता येतो. आपल्याकडे शिक्षक शेजारी शिकवत असेल तर तो तास ‘ड्युअल’. म्हणजे वहीत १३० तास दिसतात आणि इथे आल्यावर ८० उरतात. त्याकरता पहिल्या दिवसापासून वहीत एकट्याने उडवलेल्या तासांची बेरीज वेगळी ठेवा. आमच्या मुलाने ठेवली होती, कारण त्याच्या आधी गेलेल्या एकाने हात पोळून घेतले होते.

व्हिसा बहुधा एम-१, म्हणजे व्यवसायशिक्षणाचा. त्यासाठी शाळेकडून आय-२० हा कागद येतो, आणि तो देण्याचा अधिकार प्रत्येक शाळेला नसतो. या व्हिसावर शिकताना नोकरी करता येत नाही. ‘‘तिकडे गेल्यावर काहीतरी छोटंमोठं काम करून भागवू’’ हे डोक्यातून काढून टाका. परदेशी विद्यार्थ्याला उड्डाण सुरू करण्याआधी तिथल्या सुरक्षा खात्याची मंजुरी लागते, बोटांचे ठसे द्यावे लागतात. ११ सप्टेंबर २००१नंतरची ही व्यवस्था आहे, तिचा अपमान वाटून घेऊ नये.

खर्चाचा आकडा सांगताना मला संकोच वाटतो, कारण दर वर्षी तो जुना होतो. पण अर्ध्या कोटीच्या आसपासची तयारी हवी, आणि नंतर एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ यांसारख्या विमानाचं खास प्रशिक्षण वेगळं. बहुतेक घरांत याचा अर्थ घर गहाण. म्हणून माझा एकच हट्ट असतो : डीजीसीएची वैद्यकीय तपासणी, क्लास टू आणि मग क्लास वन, दोन्ही आधी करून घ्या, कर्जाच्या अर्जावर सही नंतर. रंग ओळखण्यातला दोष शाळेत कधी कुणाच्या लक्षात येत नाही, तो इथे सापडतो. आणि सगळी फी एकदम भरू नका. शाळा बंद पडतात, विमानं महिना महिना दुरुस्तीला जातात. टप्प्याटप्प्याने पैसे घेणारी शाळा थोडी महाग असली तरी चालेल.

‘‘मग इथेच का नाही?’’ हा प्रश्न रास्त आहे. आपल्या इंदूरच्या विमानतळावर फ्लाइंग क्लब आहे, महाराष्ट्रात गोंदिया-बारामती आहे, रायबरेलीजवळ फुरसतगंजला सरकारी अकादमी आहे. परदेशाचं आकर्षण मुख्यतः वेगाचं : अमेरिकेत सर्वांना खुले असलेले सुमारे ५,००० विमानतळ आहेत, विमानं पुष्कळ, परीक्षकही लवकर मिळतात. मात्र परत आल्यावर डीजीसीए त्या देशाकडून परवान्याची खातरजमा करून घेते, इथल्या परीक्षा द्याव्या लागतात, त्यात ७० टक्के लागतात. तिकडे वाचवलेले महिने इकडे खर्ची पडू शकतात. लेखी विषयांचा अभ्यास जाण्याआधी उरकून घेणारे शहाणे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

फ्लोरिडातला तिसरा आठवडा. आमचा मुलगा शिक्षकाबरोबर चार आसनी सेसना १७२ घेऊन धावपट्टीकडे चालला होता. नियंत्रकाने सांगितलं, ‘होल्ड शॉर्ट’, म्हणजे धावपट्टीच्या अलीकडच्या रेषेवर थांब. अमेरिकन नियंत्रक भराभर बोलतात. याला वाक्याचा निम्मा भाग कळला. आणि त्याने काय म्हटलं? ‘‘रॉजर.’’ विमान पुढे सरकतच होतं. शिक्षकाने ब्रेक दाबला. समोरून एक विमान उतरत होतं. रेडिओवर नियंत्रक शांतपणे म्हणाला, सूचना परत म्हणून दाखव.

मराठीच्या विद्यार्थ्यांनो, इथे जरा थांबा, कारण हा भाषेचा धडा आहे. आपण फोनवर आजीचं बोलणं ऐकताना मधून मधून ‘हं’ म्हणतो. त्या ‘हं’चा अर्थ ‘पटलं’ नसतो, ‘करतो’ही नसतो, ऐकतोय, एवढाच असतो. ‘रॉजर’ हे नेमकं ते ‘हं’ आहे. तुमचं बोलणं पूर्ण ऐकलं, बस्स. ‘करतो’ म्हणायचं तर शब्द आहे ‘विल्को’. ‘होय’साठी ‘अफर्म’, अमेरिकेत ‘अफर्मेटिव्ह’. न ऐकू आल्यास ‘से अगेन’. जमणार नसेल तर ‘अनेबल’. आणि धावपट्टीबाहेर थांबण्याच्या सूचनेला यातला कुठलाही एक शब्द पुरत नाही, ती सूचनाच परत उच्चारावी लागते. आपल्या बोलण्यात मात्र ‘हं’, ‘हो’, ‘अच्छा’, ‘ठीक’ यांची सरमिसळ असते. त्यातून मोठ्या माणसासमोर न कळल्याचं कबूल करायचं नाही, ही सवय. ‘‘समजलं का?’’ असं वर्गात मी विचारतो तेव्हा तुम्ही सगळे मान हलवता. मला ठाऊक असतं, तुम्हालाही ठाऊक असतं.

या सवयीची किंमत लोकांनी मोजलेली आहे. २७ मार्च १९७७ला टेनेरीफच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. डच वैमानिकाने रेडिओवर जे इंग्रजी वाक्य म्हटलं त्याचा अर्थ ‘उड्डाणाच्या जागी आहोत’ असाही होत होता आणि ‘उड्डाण करत आहोत’ असाही. नियंत्रकाने उत्तराची सुरुवात ‘ओके’ने केली, पुढचं ‘थांबा’ दुसऱ्या संदेशाच्या आवाजात बुडालं. कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली होती, समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का? कप्तानाने ठामपणे उडवून लावलं आणि तो गप्प बसला. तेव्हापासून ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करताना तेवढा वापरतात, एरवी ‘डिपार्चर’.

दुसरं उदाहरण परक्या मुलखात इंग्रजी बोलणाऱ्याला अधिक जवळचं. २५ जानेवारी १९९०ला कोलंबियाहून आलेलं आव्हिआंकाचं विमान न्यूयॉर्कवर ताटकळत होतं. कप्तान सांगत होता, ‘इमर्जन्सी’ कळव. सहवैमानिकाने नियंत्रकाला इंधन संपत आल्याचं सांगितलं, पण तो एक शब्द उच्चारला नाही. नियंत्रकाला ते रोजच्या तक्रारीसारखं वाटलं. इंधन संपून विमान पडलं, ७३ जण गेले. त्या सहवैमानिकाला इंग्रजी येत होतं हो! पण कुणाला अडचण न होईल अशा आवाजात बोलायची सवय आपल्यालाही आहे, म्हणून हा प्रसंग वाचताना मला नेहमी आपली मुलं आठवतात.

आपल्या हरियाणात चरखी दादरीवर १९९६मध्ये दोन विमानं आकाशात आदळली आणि ३४९ माणसं गेली, त्यानंतर भाषेच्या प्रश्नाला आंतरराष्ट्रीय पातळीवर जोर आला. २००८पासून वैमानिकाला इंग्रजीची पातळी दाखवावी लागते : सहापैकी किमान चौथी. मौज अशी, की तिथे उच्चार गावाकडचा असला तरी चालतो, ऐकणाऱ्याला समजल्याशी कारण. पण ‘परस्परसंवाद’ हा स्वतंत्र निकष आहे, म्हणजे गैरसमज झालाय असं वाटलं तर विचारून खात्री करून घेता येते का, तेही तपासतात.

त्या प्रसंगानंतर शिक्षकाने आमच्या मुलाला एकच गोष्ट करायला लावली. पहिल्यांदा रेडिओवर बोलताना ‘स्टुडंट पायलट’ असं सांगायचं. अमेरिकेत याची अधिकृत शिफारसच आहे. ते शब्द ऐकले की नियंत्रक जरा सावकाश बोलतो, जास्त सांभाळून घेतो. गाडीच्या मागे लाल ‘एल’ लावतो तसं. मुलाला सुरुवातीला कमीपणा वाटला. मग त्याने हिशेब केला. विमानात हॉब्ज मीटर असतो, तो तासाचा दहावा भाग मोजतो, म्हणजे सहा मिनिटं. तासाला २०० डॉलर धरले तर दर सहा मिनिटांना २० डॉलर, मग विमान रांगेत उभं असलं तरीही. चुकीचं समजून चुकीच्या वाटेवर गेलं की असे दोनतीन आकडे सहज फिरतात. ‘से अगेन’ला दोन सेकंद लागतात.

शिक्षकही समजून घ्या. तिथले पुष्कळ इन्स्ट्रक्टर बावीस-तेवीस वर्षांचे असतात, विमान कंपनीत जाण्यासाठी स्वतःचे १,५०० तास भरत असतात. चांगला शिक्षक मध्येच निघून जातो, नवा येतो. त्यांना नावाने हाक मारायची असते. आमचा मुलगा शेवटपर्यंत ‘सर’च म्हणत राहिला, ते एक असो. पण तास संपल्यावर ‘‘काही प्रश्न?’’ असं विचारलं तर प्रश्न खरोखर विचारायचा असतो. परीक्षेतही विमानात बसण्याआधी तोंडी परीक्षा असते. परीक्षक हवामानाचा कागद पुढे ठेवून विचारतो, आज जाशील का? पाठांतर तिथे कामाला येत नाही. कधी कधी बरोबर उत्तर ‘नाही’ असतं.

पहिल्यांदा एकट्याने विमान उडवून उतरला त्या दिवशी तिथल्या रिवाजाप्रमाणे शिक्षकाने त्याच्या शर्टाची पाठ कात्रीने कापून त्यावर तारीख लिहिली. व्हिडिओ कॉलवर आईला कौतुकापेक्षा हळहळ जास्त : ‘‘अरे, दिवाळीचा शर्ट होता तो!’’

उडताना मांडीवर बांधायच्या पाटीवर त्याने एक चिठ्ठी चिकटवली होती, तिचा फोटो माझ्याकडे आहे. इंग्रजी शब्दांसमोर मराठी : हं. करतो. होय. परत सांगा. शेवटचं, जमणार नाही. हा शेवटचा शब्द तोंडातून निघायला त्याला चार महिने लागले. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारनंतर रोज गडगडाटी ढग जमतात. तो एकटा परतत होता, आणि नियंत्रकाने दिलेली दिशा सरळ अशा एका ढगाच्या पोटात जात होती. तो म्हणाला, ‘‘अनेबल,’’ आणि कारण सांगितलं. तो सांगतो, वाटलं आता ओरडा बसणार. पलीकडून ‘‘रॉजर’’ आलं आणि लगेच दुसरी दिशा.