भाडोत्री सैनिक, दोन फासे आणि आमची शनिवारची रात्र

“काय रे, पत्ते कुटताय का?” रात्री साडेदहाला रेक्टर सर दारात उभे! आत आम्ही सहा जण, मधे आफ्रिकेचा नकाशा, ल्युडोचे दोन फासे, पेन्सिली आणि मेसमधून आणलेली शेंगदाण्याची वाटी. “नाही सर, युद्ध चालू आहे,” माझा रूम पार्टनर म्हणाला. सरांनी एकदा नकाशाकडे पाहिलं, एकदा फाशांकडे, आणि “अकराला लाइट बंद” एवढं बोलून ते निघून गेले. सरांचा आणि इतरांचा गैरसमज दूर व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच. (माझी शाळा कॉन्व्हेंटची. शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात.)

तर मित्रांनो, या खेळाला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला, तिथून हे सगळं सुरू झालं. यात बोर्ड नसतो, सोंगट्या नसल्या तरी चालतं. एक जण गेम मास्टर होतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करेल ते सांगतात. जमलं की फसलं हे फासे ठरवतात. एकच गोष्ट अनेक आठवडे चालली की तिला कॅम्पेन म्हणतात. लहानपणी आपण चोर-पोलीस खेळायचो ना, तसंच. फक्त “मी तुला मारलं”, “नाही, मी चुकवलं” हे भांडण इथे फासे मिटवतात.

राक्षस आणि जादूगारांचा आम्हाला कंटाळा आला होता, म्हणून मी आफ्रिकेतल्या भाडोत्री सैनिकांवर कॅम्पेन करायचं ठरवलं. ते कसं करावं आणि माझं कुठे चुकलं, ते क्रमाने सांगतो.

१) एक जागा, एक वर्ष

‘आफ्रिका’ ही जागा नव्हे. तो पन्नासहून जास्त देशांचा खंड आहे. नुसतं जंगल, जीप आणि बंदुका घेतल्या की पिक्चर होतो, कॅम्पेन होत नाही. मी निवडलं कटांगा, साल १९६१. काँगो ३० जून १९६० रोजी बेल्जियमपासून स्वतंत्र झाला आणि अकराच दिवसांनी, ११ जुलैला, मोईझ चोंबे यांनी कटांगा प्रांत वेगळा झाल्याचं जाहीर केलं. कारण जमिनीखाली होतं : तांबं, कोबाल्ट, युरेनियम. खाणी ‘युनियन मिनिएर’ या बेल्जियन कंपनीच्या. तिने कर भरला तो चोंबेंना, आणि त्या पैशातून आले युरोपातले आणि दक्षिण आफ्रिकेतले भाडोत्री सैनिक. काँगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांना १७ जानेवारी १९६१ रोजी याच कटांगात ठार मारण्यात आलं.

२) पगार कोण देतो?

भाडोत्री सैनिकाच्या कॅम्पेनमध्ये हा प्रश्न गोळीपेक्षा मोठा. प्रत्येक खेळाडूला मी वहीत चार रकाने आखायला लावले : पैसे, पेट्रोल, गोळ्या, मलेरियाची औषधं. दर आठवड्याला खर्च वजा. दोन आठवडे पगार आला नाही तर काय कराल? पळाल, लुटाल, की बाजू बदलाल? यातून जी गोष्ट तयार होते ती लढाईतून होत नाही.

३) फाशांचं गणित

नियम सोपे ठेवा. आमच्याकडे दोन फासे, बेरीज आठ किंवा जास्त आली की काम झालं. मॅथ्सच्या ओरलला उपयोगी पडेल म्हणून सांगतो : एकूण शक्यता ३६, त्यातल्या १५ आपल्या बाजूच्या, म्हणजे जेमतेम ४२ टक्के. एखाद्या कामात पात्र तरबेज असेल तर बेरजेत २ मिळवा. मग ३६ पैकी २६, म्हणजे ७२ टक्के. फक्त दोनाचा फरक, पण माणूस जगतो की मरतो ते त्यावर ठरतं. एकाच फाशावर खेळलात तर १ ते ६ सगळे सारखेच येतात आणि ही मजा जाते.

४) समोरचा माणूस कोण?

इथे मी नापास झालो.

दुसऱ्या शनिवारी प्रसंग होता उत्तर कटांगातला. तिथले बालुबा लोक चोंबेंच्या विरोधात होते आणि त्यांची गावं जाळली गेली होती, हा इतिहास आहे. मी तो नुसता ‘टास्क’ म्हणून दिला : गाव रिकामं करा, मोबदला अमुक. माझ्या खेळाडूंनी फासे टाकले, गाव जाळलं, पैसे वहीत जमा केले. कोणीतरी विनोद केला आणि आम्ही सगळे खो खो हसलो. मीसुद्धा.

तिसऱ्या शनिवारी तारीख होती ५ डिसेंबर १९६१, ठिकाण एलिझाबेथव्हिल. भाडोत्री सैनिकांना बाहेर काढा असा ठराव संयुक्त राष्ट्रांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत केला होता आणि नोव्हेंबरमध्ये त्यासाठी बळ वापरायचीही परवानगी दिली होती. कटांगाच्या सैन्याने, म्हणजे जांदार्मांनी, रस्ता अडवलेला. त्यांच्या जोडीला मी माझे पाच भाडोत्री बसवले. मग सांगितलं, “समोरून संयुक्त राष्ट्रांचे सैनिक येतायत. सोळा जवान आणि एक कॅप्टन. हातात खुकरी. ओरडतायत, ‘आयो गुर्खाली!’”

खोलीत एकदम शांतता. एनसीसीवाला मित्र म्हणाला, “म्हणजे… आपलेच?”

हो, आपलेच. संयुक्त राष्ट्रांसाठी भारताने काँगोत अख्खी ब्रिगेड पाठवली होती. त्या दिवशी ३/१ गोरखा रायफल्सचे कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांनी मूठभर जवानांसह सुमारे नव्वद जणांवर हल्ला चढवला, मानेला गोळी लागूनही ते लढत राहिले आणि त्यांना वीरमरण आलं. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

मित्राने फासे खाली ठेवले. “मी नाही टाकणार,” म्हणाला. त्याचे काका फौजेत आहेत. कोणीच टाकले नाहीत. मला वाटलं, वा, काय सीन जमला! पण लाइट गेल्यावर अंधारात रूम पार्टनर म्हणाला, “गेल्या शनिवारी आपण गाव जाळलं, तेव्हा कोणी फासे का नाही ठेवले रे?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर होतं, पण ते बोलायला लाज वाटली. समोर गुरखा आला तेव्हा तो माणूस होता, आणि बालुबा शेतकरी नुसता आकडा होता. आणि तसा तो मीच केला होता. त्या गावाला मी नावही दिलं नव्हतं.

५) म्हणून नवे नियम

पहिला : नाव नसलेल्या गावावर हल्ला नाही. गेम मास्टरने आधी गावातली तीन माणसं तयार करायची, त्यांना काय हवंय तेही लिहायचं. दुसरा : केलेलं परत येतं. जाळलेल्या गावातला कोणीतरी पुढे कुठेतरी भेटलाच पाहिजे. तिसरा : एक शनिवार बाजू बदलून खेळायचं. एलिझाबेथव्हिलमध्ये हजारो बालुबा निर्वासितांची छावणी होती. चौथ्या शनिवारी आम्ही तिथले निर्वासित झालो. सगळ्यात जास्त हसलेल्या मित्राला मी जळालेल्या गावचा मास्तर केलं. पाण्याच्या रांगेत उभं राहायला त्याला फासे टाकावे लागले आणि तीनदा फसले. त्या रात्री शेंगदाणे तसेच उरले.

काही जण विचारतील, एवढं मनाला लावून घ्यायचं तर खेळायचंच कशाला? मला वाटतं, म्हणूनच खेळायचं. हे सगळं मी नुसतं वाचलं असतं तर परीक्षेनंतर विसरलो असतो. आणि यातलं काही इतकं लांबचंही नाही. काँगोत १९६४ मध्ये गाजलेला भाडोत्रींचा पुढारी माइक होअर जन्मला आपल्या कलकत्त्यात. १९८१ साली सेशल्समधला त्याचा उठाव विमानतळावरच फसला, कारण सामानात बंदूक सापडली. तेव्हा त्याची माणसं ज्या विमानात घुसून डर्बनला पळाली ते एअर इंडियाचं होतं, मुंबईला यायला निघालेलं! पुढच्या सेमचं कॅम्पेन तेच आहे. पण या वेळी खेळाडू असतील विमानातले प्रवासी आणि कर्मचारी.

कोणाला सुरू करायचं असेल तर सामान एवढंच : दोन फासे, शंभर पानी वही, नकाशाची झेरॉक्स आणि चार-पाच सहनशील मित्र. एक बैठक तीन तासांची धरा आणि कॅम्पेन पीएलच्या आधी संपवा, हा अनुभवाचा सल्ला. (सबमिशनच्या आठवड्यात खेळून मी एक जर्नल दोनदा लिहिलंय.)

आणि रेक्टर सर, एक जागा अजून रिकामी आहे. अकराला लाइट बंद करायचं आम्ही विसरणार नाही.