अर्ध्यावर राहिलेला चित्रपट आणि पैशाचा प्रश्न

न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी काही अभ्यासाचे लिहावे, असे चिटणीसांनी सुचविले, त्याच आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी मांद्र्याला घरी आला. डिचोलीकडच्या एका वृद्ध कुंभाराच्या कामावर तो चित्रपट करीत आहे. चित्रपट म्हणजे नाचगाण्यांचा नव्हे. माती कशी मळतात, चाक कसे फिरते, भट्टी कशी रचतात, एवढेच त्यात आहे. निम्म्याहून अधिक चित्रण झाले आहे आणि जवळचे पैसे संपले आहेत. "सर, आता कोणाकडे मागू?" असे त्याने विचारले. मला लगेच उत्तर देता आले नाही. पुढे चार दिवस वाचले, आठवले, टिपणे काढली. त्यांतून हा लेख झाला.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पैसे संपणे हे चित्रपट वाईट असल्याचे लक्षण नव्हे. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' १९५५ साली पडद्यावर आला. पण त्याआधी तो पैशाअभावी महिनोन् महिने बंद पडून होता. रायांनी विम्यावर पैसे उचलले, पत्नीचे दागिने गहाण पडले, आणि शेवटी पश्चिम बंगाल सरकारने जी रक्कम दिली ती रस्तेसुधारणेच्या खात्यातून! चित्रपटाच्या नावात 'पथ' आहे म्हणून ते खाते सापडले, असे लोक विनोदाने म्हणत. विनोद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. दाता शोधताना त्याच्याकडे कोणते खाते आहे, हेही पाहावे लागते.

आपल्या मराठी मुलखात या प्रश्नाचा पहिला पाठ दादासाहेब फाळक्यांनी घालून दिला आहे. फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात. छायाचित्रण, ठसे तयार करणे, छपाई, जादूचे प्रयोग असे नाना उद्योग करून झालेला हा कारागीर माणूस. १९११ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपल्याकडच्या कथा अशा दिसल्या पाहिजेत, या विचाराने त्यांना पछाडले. विलायतेला जाऊन यंत्रे आणायची तर पैसा हवा. १२,००० रुपयांची विमापत्रे तारण ठेवून त्यांनी १०,००० रुपये उभे केले, १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले, तेथे विद्या पाहिली, कॅमेरा व इतर यंत्रांची मागणी नोंदविली आणि एप्रिलमध्ये परत आले.

येथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. माझ्या मते खरा पाठ पुढेच आहे. यंत्रे आली, पण संपूर्ण चित्रपट काढण्याइतका पैसा नव्हता. आणि ज्यांनी 'चित्रपट' ही वस्तूच कोणी करताना पाहिली नाही, असे सावकार तोंडी आश्वासनावर पैसा कसा देणार? तेव्हा फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि रोज थोडथोडी चित्रे टिपत सुमारे महिनाभर ते काम केले. पडद्यावर ते अवघे मिनिटभराचे झाले. पण त्या मिनिटात बी फुटून अंकुर वर येत वेल होताना लोकांनी पाहिला. हा 'अंकुराची वाढ' निवडक मंडळींना दाखविला आणि कर्ज मिळाले. तेही तारणावर, सरस्वतीबाईंचे दागिने त्यात गेले. या बाईंचे योगदान दागिन्यांपुरते नव्हते. रात्री अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फितीला भोके पाडणे, दिवसा साठसत्तर माणसांचा स्वयंपाक करणे, ही कामे त्यांनी केली. 'राजा हरिश्चंद्र' सहा महिने सत्तावीस दिवसांत पुरा झाला. लांबी ३,७०० फूट. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात तो लोकांना दिसला.

वाटाण्याच्या वेलाकडे मी विद्यार्थ्याचे लक्ष वेधले. तो जेथे जाई तेथे मोठमोठे कागद घेऊन जाई. कुंभारकलेचा ऱ्हास, संस्कृतीचे जतन वगैरे. कागद ऐकून माणसे माना डोलावतात. उलट चाकावर मातीचा गोळा वर चढतो आहे आणि म्हाताऱ्याचा अंगठा त्यात हळूच शिरतो आहे, असे तीन मिनिटांचे चित्र दाखविले, तर पाहणाऱ्याला पुढे काय होते ते पाहावेसे वाटते. त्या पाहावेसे वाटण्यालाच पैसा मिळतो.

आता कलाकौशल्याच्या चित्रपटांविषयी. फाळक्यांनी पौराणिक चित्रपटांबरोबर लहान लहान माहितीपट काढले, ही गोष्ट मागे पडली आहे. त्यांत एक होता 'चित्रपट कसे तयार करतात' (१९१७). म्हणजे कारागिराने स्वतःचीच कारागिरी लोकांपुढे उघडी करून दाखविली. दुसरा तळेगावच्या काचकारखान्यावरचा. या कारखान्याची हकीकत आपल्या विषयाला इतकी लागू आहे की जरा थांबून सांगतो. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी पैसा फंड काढला. प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा, आणि त्या पैशांतून देशी उद्योग उभा करावा, अशी ती कल्पना. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे; म्हणजे लाख रुपये जमवायचे तर चौसष्ट लाख हात पुढे यावयास हवेत. गणिताच्या शिक्षकाला ही कल्पना वेडेपणाची वाटेल, परंतु १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना प्रत्यक्ष उभा राहिला, आणि तेथे शिकलेले कारागीर पुढे इतर ठिकाणच्या काचकारखान्यांत गेले. ज्या कारखान्याचे चित्र फाळक्यांनी घेतले, तो कारखानाच मुळी लोकवर्गणीचा होता, हा योग मला मोठा बोलका वाटतो.

लोकवर्गणीतून चित्रपट होतो काय? होतो. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' (१९७६) गुजरातच्या दूध उत्पादक शेतकऱ्यांनी काढला. सहकारी संघाच्या पाच लाख सभासदांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. चित्रपट तयार झाल्यावर हीच मंडळी ट्रक भरभरून तो पाहावयास गेली. कारण चित्रपट त्यांचा होता. २०२४ साली त्याची दुरुस्त केलेली प्रत फ्रान्समधील कान महोत्सवात दाखविली गेली. याच बेनेगलांचा 'सुस्मन' (१९८७) तर थेट हस्तकलेवर आहे. पोचमपल्लीच्या विणकरांचा तो चित्रपट, आणि त्यामागे पैसा उभा केला हातमागाच्या सहकारी संस्थांनी. केरळात जॉन अब्राहम यांच्या मंडळीने गावोगाव फिरून, चित्रपट दाखवून, लोकांकडून पैसे गोळा केले आणि 'अम्मा अरियान' (१९८६) पुरा केला. या तिन्ही ठिकाणी पैसा मागण्याआधी एक संघटना किंवा निदान हिंडण्याची तयारी होती, हे विसरू नये. नुसती पेटी ठेवून दोन रुपये पडत नाहीत.

पैसा घेण्याचे प्रकार तीन : कर्ज, भागीदारी आणि देणगी. हे तिन्ही एकत्र कालविले की भांडणे होतात. बिनव्याजी कर्ज, ज्याला आम्ही कर्ज-ए-हसना म्हणतो, ते सुद्धा कर्जच; ते फेडावयाचे असते, आणि देणाऱ्याने आपण होऊन सोडल्याखेरीज सुटत नाही. भागीदारी म्हणजे नफ्याबरोबर तोटाही वाटून घेणे. आणि भागीदार आला की त्याचे मतही येते. फाळक्यांनी हे अनुभविले. युद्धामुळे १९१४ नंतर त्यांची आर्थिक ओढाताण झाली. पुढे १९१८ च्या आरंभी भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. पैशाची विवंचना मिटली. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' लोकांना फार आवडले. पण खर्चावरून भागीदारांशी खटके उडू लागले आणि फाळके सर्व सोडून काशीला निघून गेले. ते परत आले १९२२ मध्ये. भागीदारांचे चुकले असे मी म्हणत नाही. ज्याचा पैसा त्याने हिशेब मागणे रास्तच. दोघांनी आधी कागदावर काय लिहिले होते, हा प्रश्न आहे.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांची तऱ्हा निराळी. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी कॅमेराच घरी तयार केला, आणि भांडवलाला मदत केली तानीबाई कागलकर या गायिकेने. एका कलावतीचा पैसा दुसऱ्या कलेच्या कामी आला. 'सैरंध्री' १९२० साली निघाला. या बाईंचे नाव चित्रपटाच्या इतिहासात ठळक अक्षरांत छापले जात नाही, याची मला खंत वाटते.

देणगी हा तिसरा प्रकार, आणि न्यासाचा संबंध येतो तो येथेच. न्यासाचा पैसा कोणाच्या हौसेचा नसतो. घटनेत जी उद्दिष्टे लिहिली आहेत त्यांबाहेर तो खर्च करता येत नाही. शिक्षण किंवा कलेचे जतन हे उद्दिष्ट असेल तर कुंभाराच्या चित्रपटाला वाट आहे. केवळ वैद्यकीय मदत हे उद्दिष्ट असेल तर नाही, मग विश्वस्तांचे मन कितीही द्रवो. म्हणून विद्यार्थ्याला मी सांगितले की अर्जात 'चित्रपटास साहाय्य' असे मोघम लिहू नकोस. उरलेली कामे वेगळी मांड : शेवटच्या भट्टीचे चित्रण, ध्वनी, संकलन. प्रत्येकापुढे रक्कम लिही. झालेल्या खर्चाच्या पावत्या जोड. पुरा झाल्यावर चित्रपट कोणत्या शाळांत आणि किती वेळा फुकट दाखवशील, तेही लिही. आणि त्या कुंभाराला काय देणार? हे मी दोनदा विचारले. तो गप्प राहिला. ज्याच्या हातांवर सर्व उभे आहे त्याचा दिवसाचा रोज अंदाजपत्रकात नव्हताच! तो प्रथम लिहावयास लावला; रक्कम वाढली, पण अर्ज खरा झाला.

शेवटी घाईचे कारण सांगतो. पावसाळ्यात भट्टी लागत नाही. ओली माती सुकत नाही. म्हाताऱ्याचे गुडघे दुखतात, आणि पुढच्या वर्षी आपण चाकावर बसू असे तो निश्चयाने सांगत नाही. पावसाआधी एक भट्टी रचली जाणार आहे. विद्यार्थ्याने कॅमेरा मित्राकडून दोन दिवसांसाठी मागून ठेवला आहे, आणि तीन मिनिटांचा तुकडा आमच्या शाळेच्या खोलीत येत्या रविवारी संध्याकाळी दाखविणार आहे. खुर्च्या थोड्या आहेत, मुलांना सतरंजीवर बसावे लागेल.