टांग्याचा साज : कोणता पट्टा कशासाठी?

प्रश्न : शेतावरच्या पर्यटनासाठी जुना टांगा घेतलाय. घोड्याच्या पोटाखाली दोन पट्टे येतात. दोन्ही आवळायचे का? छातीशीही घासतंय.

उत्तर : दोन्ही आवळू नका. आतला तो तंग. पाठीवरची गादी तोच धरतो, म्हणून तो नीट बसलेला हवा. बोटं मात्र आत सरकली पाहिजेत. बाहेरचा पट्टा दांड्यांचा. मागे माणसं बसली की दांड्या वर उचलल्या जातात, तेवढ्यापुरता तो. किंचित सैलच ठेवा.

घासण्याचं कारण बहुधा छातीपट्टा खाली उतरलाय. खरी ओढ त्याच्यावरच असते. तो खांद्याच्या सांध्याच्या वर आणि श्वासनळीच्या खाली हवा. कातडी सोलली असेल तर आधी जुंपणं बंद. चिंध्या गुंडाळून भागत नाही.

शेपटीखालच्या दुमचीने गाडी थोपते हा गैरसमज. ती गादी पुढे सरकू देत नाही, एवढंच. उतारावर गाडी रोखायला पुठ्ठ्यामागचा रुंद पट्टा लागतो.

आणि गाडी सोडण्याआधी झापडं कधीही काढू नका. मागची चाकं एकदम दिसली तर शांत घोडाही उधळतो.