‘मिरुकु’ची गंमत आणि आपला ‘ळ’

मुलांनो, ‘मिरुकु’ म्हणजे काय, ओळखा पाहू! इंग्रजी ‘मिल्क’ जपानी तोंडात गेले की त्याचे ‘मिरुकु’ होते, आणि ‘हॉटेल’चे ‘होतेरु’. जपानीत ‘ल’ आणि ‘र’ असे दोन निराळे उच्चार नाहीत. शिवाय शब्दाच्या शेवटी ‘न’ सोडून दुसरे व्यंजन येत नाही. तिथे स्वर जोडावा लागतो.

१९८७ पासून जपान सरकार ‘जेट’ योजनेतून परदेशी तरुणांना बोलावते. त्यांतले बहुतेक शाळांत तिथल्या शिक्षकांच्या जोडीने इंग्रजी शिकवतात. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषयच झाला. नवशिक्या मुलाला ‘राइस’ आणि ‘लाइस’, म्हणजे भात आणि उवा, सारखेच ऐकू येतात! मग शिक्षकाला आधी स्वतःची जीभ तपासावी लागते: ‘ल’ला ती दातांमागे टेकते, इंग्रजी ‘र’ला कुठेच टेकत नाही. आजवर नकळत बोललेली आपली भाषा त्याला तेव्हा प्रथमच दिसते. आणि एखाद्या दिवशी सात-आठ वर्षांचे पोर तो फरक कानाने पकडते, तेव्हाचा त्याचा चेहरा! शिकवण्याची खरी कमाई ती.

आम्हालाही ती मिळते, ‘ळ’च्या निमित्ताने. इंग्रजीत ‘ळ’ नाही, म्हणून तुमच्या ‘वेळे’ची ‘वेल’ होते. जीभ मागे वळवून टाळूला लावा आणि झटकन पुढे सोडा.

पालकांनी घाईने दुरुस्त करू नये. आधी फरक ऐकू येऊ द्यावा. पुढच्या वर्गाला आरशासमोर म्हणून या: काल–काळ, वेल–वेळ, मूल–मूळ.